खरं सांगा, बाई

बायको गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. दहाव्याला माझा वरवे गावचा साडू सगळ्यांदेखत म्हणाला, "शेवटी जबड्यानंच नेली." पिंडाला कावळा शिवायचा होता, म्हणून म्या गप बसलो. पण जबड्यानं नेली न्हाई. ती झोपेत हृदय बंद पडून गेली, आणि जबडा त्याच्या आधीच वाळून बरा झाला होता.

आधी तिची खालची दाढ दुखायची. भोरला जाऊन ती काढली, तर तिथला खड्डा भरेना. मग जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. दुखायची न्हाई, हाताला गरम लागायची न्हाई. एक दिवस फुटली आणि पातळ पू यायला लागला. औषधं घेतली की थांबायचा, परत यायचा. मला वाटलं, त्या दाताच्या डॉक्टरनंच दाढ मोडून आत ठेवली असणार.

गावाला काय वाटत होतं ते कळत होतं. ही लग्नाआधीपासून मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी करायची, कुटायची आणि सकाळी दातावर बोट फिरवत ओट्यावर बसायची. बाया आता तिच्याकडं बघून "तो आजार" म्हणायच्या, नाव घ्यायच्या न्हाईत. हिनं मिसरी सोडली, रिकामी डबी फळीवर टाकली.

पुण्याच्या दवाखान्यात जबड्याच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आमच्या नातीएवढ्या. त्यांनी जबड्याचा फोटो काढला, छातीचाबी काढला. संध्याकाळी अंग तापतं का, घरात कुणाला जुना खोकला होता का, असलं विचारत बसल्या.

"दुखणं जबड्याला हाय, छातीला न्हाई," ही म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, जखमेतला तुकडा काढून तपासायला लागेल. आमच्याकडं सगळे म्हणतात, असल्या गाठीला लोखंड लागलं की ती पसरते. ही उठूनच उभी राहिली. "लोखंड लावून घेणार न्हाई."

"मावशी, भोरला दाढ काय लाकडानं काढली?"

ही परत बसली.

तुकड्याचं उत्तर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "टीबी आहे. जबड्याच्या हाडात. गोळ्यांनी बरा होईल."

मला खरं वाटलं न्हाई. टीबी म्हणजे खोकला. हिला खोकला न्हाई, छातीचा फोटो साफ. आणि हिचा मार्गासनीचा भाऊ कॅन्सरनं गेला, तेव्हा त्याला "साधी सूज हाय" असं सांगायला आमीच डॉक्टरला लावलं होतं. आजाऱ्यासमोर कुणी खरं बोलत न्हाई. म्हणून हिला चहाला पाठवलं.

"आता खरं सांगा, बाई."

"खरंच सांगितलं, बाबा."

"ती न्हाई आता हितं."

बाईंनी कागद माझ्याकडं फिरवला. इंग्रजी होता, त्याचा मला काय उपयोग. "टीबी छातीतच बसतो असं नाही," त्या म्हणाल्या. "हाडातही बसतो. तुकड्यात तोच दिसला, पुवातही तोच निघाला. मिसरी मात्र बंदच ठेवा, त्यानं उद्या ते दुसरं होईल."

बाहेर ही भरला ग्लास हातात धरून उभी होती. चहा गार झालेला.

"मला घालवून काय विचारलं?"

"टीबीच हाय."

"व्हय. माझ्या भावालाबी साधी सूजच होती."

घरी आल्यावर ती गोळ्यांना हात लावीना. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरची डबी माझ्यापुढं ठेवली.

"टीबी हाय ना? मग मिसरी भाजून द्या."

म्या ओळखलं. न्हाई म्हटलं तर तिच्या मनात कॅन्सर पक्का होणार. बाईंनी तर बंद सांगितलेली. म्या तवा ठेवला, तंबाखू टाकली. ठसक्यानं डोळ्याला पाणी आलं. ती तव्याकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. कुटून डबी काठोकाठ भरली आणि तिच्या हातात दिली.

तिनं वास घेतला, झाकण लावलं आणि डबी परत फळीवर ठेवली.

"द्या त्या गोळ्या," म्हणाली.

गोळ्या लई महिने चालल्या. माझा विश्वास जखम वाळली तेव्हाच बसला.

डबी अजून भरलेली हाय, तिनं त्यातली चिमूटबी लावली न्हाई. साडू परत तसं बोलला तर उघडून त्याच्या पुढ्यात ठेवणार हाय.