आईकडे एकांत मागितला होता

नोकरीतून मोकळं झाल्यावर देवासाठी वेळ मिळतो, असं मी पुष्कळ जणांकडून ऐकलं होतं. माझ्या वाट्याला तसं काही आलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा निदान मधली सुट्टी तरी माझी असायची. घरी बसल्यावर तीही गेली. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा आणि सून पुण्याला. मुरूमसारख्या गावात एकटी राहणारी बाई ही सगळ्या गल्लीला आपलीच जबाबदारी वाटते, हे मला उशिरा कळलं. सकाळी देवघरात बसावं, आई तुळजाभवानीचं नाव घ्यावं, जरा कुठं मन लागावं, तेवढ्यात दाराची कडी वाजायची. त्यातही ज्यांना कडी वाजवायची सवयच नाही अशा दोघी होत्या, त्यांच्यापुढे तर माझा काहीच इलाज चालायचा नाही.

पहिली विमल. ती आणि मी पहिलीपासून एका बाकावर. लग्नं होऊन दोघी याच गावात राहिलो, आणि तिच्या घरची पिठाची गिरणी माझ्या परसदारामागेच. गिरणी सुरू झाली की माझ्या देवघरातली घंटासुद्धा ऐकू यायची नाही. दुसरी चंद्रकला. ती सीमेपलीकडच्या कानडी खेड्यातून समोरच्या घरात नवरी म्हणून आली, आणि तिला पहिलं मराठी वाक्य मी शिकवलं. त्याचा पश्चात्ताप मला अनेकदा झाला आहे, कारण तेव्हापासून ती बोलायची थांबलेली नाही. दोघी वाईट नव्हत्या. पण देवाशी बोलताना मध्ये मध्ये कढीपत्ता मागितला, वरणात मीठ किती घातलं ते विचारलं, की माणसाची साधना व्हायची कशी? मी आईपुढे बसून रोज एकच मागायचे. बाई, मला थोडा एकांत दे. या सगळ्यांतून मला सोडव.

आणि एके दिवशी पहाटे मला वाटलं, आईनं ऐकलं.

डोळे मिटून जप करत होते. डाव्या बाजूला लख्खकन उजेड चमकला. विजेसारखा, पण कसलाही आवाज नाही. घाबरून डोळे उघडले, तर समईची वात शांत जळत होती. पुन्हा मिटले, पुन्हा तसाच उजेड. मग तो रोज दिसू लागला. कधी वाकले की दिसायचा, कधी मान वळवली की. त्याच्या मागून काळे ठिपके तरंगत यायचे, कवड्यांच्या माळेतून सुटलेल्या कवड्यांसारखे. माझ्या अंगावर काटा यायचा. इतक्या वर्षांच्या सेवेचं फळ म्हणून आई मला काहीतरी दाखवते आहे, अशी माझी खात्री पटली. असे अनुभव कोणाला सांगू नयेत म्हणतात. पण मला राहवलं नाही. मी विमलला सांगितलं.

ती गव्हाचं पोतं शिवत बसली होती. सुतळी दातानं तोडून म्हणाली, "डोळं दाखव डॉक्टरला."

मला इतका राग आला! मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतंय? आयुष्यभर पीठ दळलंस."

"व्हय, दळलं. म्हणून सांगते, डोळ्यात कायतरी गेलंया तुझ्या."

त्यानंतर मी तिच्याशी बोलणं सोडलं. परसदाराला आतून कडी घातली. चंद्रकलेलाही सांगितलं, की काही दिवस मी मौनात आहे. ती "बरं यव्वा", म्हणजे बरं बाई, म्हणाली आणि दारातूनच अर्धा तास मौनाचे फायदे सांगत राहिली. पण शेवटी गेली. घर शांत झालं. मला हवं होतं ते सगळं जुळून आलं होतं. मग डाव्या डोळ्यात कडेनं एक सावली सरकू लागली. आधी जरा, मग आणखी. उजेड कमी झाला आणि सावली वाढली. तरीही मी तिचा अर्थ लावत बसले. आई पडदा धरते आहे, माझी परीक्षा बघते आहे, आता बाहेरचं दिसणं कमी होईल आणि आतलं दिसू लागेल. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा मी मनापासून आनंदात होते.

विमल रुसली की सहसा महिनाभर येत नाही. या वेळी मात्र आठवडाही झाला नसेल, तोच ती पुढच्या दारानं आली. हातात डबा होता. मी मौनात आहे हे तिला माहीत होतं, तरी बोलायला लागली.

"हुलग्याचं माडगं आणलंय, पातळ. घे, पी."

मी हात पुढे केला. डबा कुठे दिसेना.

"कुठं बघायलीस? इकडं हाय की, डावीकडं!"

मी मान वळवली तेव्हा डबा दिसला. विमलनं डबा खाली ठेवला, माझ्या मागं आली आणि न विचारता माझ्या उजव्या डोळ्यावर आपला पीठ लागलेला तळहात दाबला. "आता सांग, म्या कुठं हात हलवायले?" मला काहीच सांगता येईना. समोर थोडं धूसर दिसत होतं, बाजूला काळोख होता. एवढे दिवस दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे मला त्याचा अंदाजच आला नव्हता. माझं मौन तिथंच सुटलं. मी मोठ्यानं रडले.

गावातल्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, की डोळ्याचा पडदा सुटत असावा, आजच सोलापूर गाठा. नेमका लग्नाचा मोठा मुहूर्त होता. गावात एकही गाडी मोकळी नव्हती आणि एसटी नुकतीच गेली होती. मी म्हटलं, उद्या जाऊ. विमल पदर खोचून भर रस्त्यात उभी राहिली आणि येईल ती गाडी अडवू लागली. येणारे-जाणारे बघत होते. माझी कैक वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी तिथून चालली होती, तिनं थांबून नमस्कार केला. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला झालं. शेवटी एक पांढरी गाडी थांबली. आत एक नवरा-बायको होते, अक्कलकोटला दर्शनाला निघालेले. विमलनं त्यांना काही विचारलंच नाही, दार उघडून मला आत बसवलं आणि सांगितलं, "हिचा डोळा चाललाय, सोलापूरला सोडा." माझं रडणं ऐकून आमच्यासोबत निघालेली चंद्रकला दुसऱ्या बाजूनं बसून मोकळी झाली होती. त्या भल्या माणसांनी अक्कलकोटचा फाटा सोडला आणि आम्हाला थेट दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेलं. चंद्रकलेनं सगळ्या वाटेत त्यांना माझ्या घरची हकीकत ऐकवली, पण त्यांचं नाव विचारायचं आम्हा तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

तपासून डॉक्टर म्हणाले, "मावशी, मधला भाग अजून सुटलेला नाही. तो सुटला तर नजर परत येणं अवघड. पण उद्या संध्याकाळपर्यंत ऑपरेशनला जागा नाही." आम्ही बाकावर बसून होतो, तोवर नर्स पुन्हा आली. त्या दिवशी ज्यांचं ऑपरेशन ठरलं होतं त्या बाईंची साखर ऐनवेळी वाढलेली निघाली, त्यांचं पुढं ढकललं, आणि ती जागा मला मिळाली. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी एवढंच सांगते, की आत नेताना मला आईचं नाव आठवलं नाही. मी विमलची बांगडी घट्ट धरली होती आणि नर्सला ती माझ्या बोटांतून सोडवावी लागली.

खरी परीक्षा पुढेच होती. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला दाबून धरावा म्हणून मला पालथं पडून राहायचं होतं, मान खाली. जेवताना खाली, बसताना खाली, झोपेतही खाली. मुलगा धावत आला, आठवडाभर राहिला. त्याला रजा मिळेना तेव्हा विमलनं त्याला पाठवून दिलं आणि माझ्या घराचा ताबा घेतला. तो शब्द मी विचार करून वापरते आहे. मी जरा मान उचलली की स्वयंपाकघरातून ओरडायची, "खाली!" माझे केस विंचरताना तिचा हात असा चालायचा, जणू पोत्याची शिवण उसवते आहे. चंद्रकला मला पोथी वाचून दाखवायची. वाक्याच्या मध्येच थांबायची, ओळ गाळायची, आणि देवी दैत्याला मारणार तेवढ्यात तिला डुलकी लागायची. गल्लीतल्या बायका भेटायला येत. प्रत्येकीच्या माहेरी कोणीतरी आंधळं झालेलं असायचंच, आणि ते मला सविस्तर ऐकावं लागायचं. मला त्यांचे चेहरे दिसत नसत. दिसत फक्त पाय. विमलच्या भेगाळलेल्या टाचा, चंद्रकलेची झिजलेली जोडवी, कोणाच्या पायाला शेतातली माती. पायांवरून मी माणसं ओळखायला शिकले. इतक्या पायांची ये-जा आपल्या घरात असते, हे उभं असताना कधी ध्यानात आलं नव्हतं.

पण माझा धीर सुटलाच. एका दुपारी दोघींची जवसाच्या चटणीत लसूण किती यावरून जुंपली. माझी मान मोडून आली होती, डोळा ठणकत होता, आणि यांचं थांबेना. मी किंचाळले, "जा! दोघी जा इथनं! मला एकटीला मरू द्या!"

पाय थबकले. मग एकेक करून दाराबाहेर गेले. दार लोटल्याचा आवाज आला.

घर अगदी निःशब्द झालं. एवढी शांतता मी किती वर्षं मागत होते. मी नाम घ्यायला सुरुवात केली. चार वेळा घेतलं असेल, तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके पडले. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती. बाटली कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. पाणी प्यायचं तर उठायला हवं, उठायचं तर आधार हवा. मी फरशीकडे बघत पडून राहिले. त्या फरशीवर कोणाचेही पाय नव्हते. मी आईला म्हटलं, आता तूच ये. आणि तसं म्हणताना मला जाणवलं, की इतकी वर्षं मी तिला बोलवत होते ते सगळं माझ्या अटींवर. ती कशी यावी, कधी यावी, कोणाला बाहेर ठेवून यावी, हे सुद्धा मीच ठरवून टाकलं होतं. रडू आलं, आणि पालथं पडून रडणं किती अवघड असतं तेही कळलं.

"विमल," मी हळूच हाक मारली. ऐकायला कोणी असेल असं वाटत नव्हतं.

"काय गं?" दाराच्या लगेच पलीकडून आवाज आला.

दोघी पायरीवर बसून शेपूची जुडी निवडत होत्या. भांडण तसंच चालू होतं, फक्त कुजबुजत. मी विचारलं, "तुम्ही गेला नाहीत?"

विमल आत येत म्हणाली, "तू जा म्हणालीस. कुठं जा, ते न्हाय सांगितलंस." तिनं थेंबांची बाटली शोधली, माझं डोकं आपल्या मांडीवर अलगद वळवलं आणि थेंब सोडले. मागून चंद्रकला म्हणाली, "सारखी खाली बघती, म्हणून डोकं फिरतंय तिचं, यव्वा. माडगं दे तिला." मी तोंड उघडलं आणि दिलं ते पिऊन टाकलं. शरण जाणं म्हणजे हात जोडून स्थिर बसणं, असं मी समजत आले होते. त्या दिवसापासून मी केस विंचरू दिले, चुकलेली पोथी ऐकली, चटणीत लसूण जास्त होता तरी खाल्ली. राग येत राहिला, तो आजही येतो. पण आता तो आईच्या कानावर घालायच्या आधी मी गिळते.

नजर पुष्कळशी परत आली. सरळ रेघ डाव्या डोळ्याला थोडी वाकडी दिसते, तेवढंच. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर आम्ही तिघी तुळजापूरला गेलो. पायऱ्या उतरताना विमलचे गुडघे धरले, तिला मी आणि चंद्रकलेनं मधोमध घेतलं. रांगेत गर्दी होती, ढकलाढकली होती, चंद्रकलेचं कानडीत कोणाशी तरी वाजलं. गाभाऱ्यासमोर आलो तेव्हा आईचं मुख बघायला मला क्षणभरच मिळालं. आता काय मागू, हे मनात येईपर्यंत शेजारी विमल हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाली, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी, "आई, हिचा डोळा दिलास, लई उपकार झाले. आता हिला जरा अक्कल बी दे."

लोक हसले. माझे कान तापले. पण पुजारी पुढे सरका म्हणत होते, वेळ नव्हता, आणि मला दुसरं काही सुचेना. मी आईपुढे डोकं टेकलं आणि म्हटलं, दे बाई. ती म्हणते तसंच दे.