बैठकीतला धूर

सासऱ्यांनी माझी सिगारेटची डबी बैठकीतल्या पाहुण्यांपुढे टाकली. लोधीखेड्याचे व्यापारी होते, कापसाच्या सौद्याला आलेले.

"पाहा आमच्या सूनबाईचे लक्षणं. बाईमाणूस, अन् सिगरेट ओढून राहिली."

कोणीतरी हसलं. मी दाराआड उभी होते. छातीत शिट्टी वाजत होती, शब्द फुटत नव्हता. फुटला असता तरी ऐकणार कोण होतं?

ती तंबाखू नव्हती. धोत्र्याच्या पानांची सिगारेट होती, दम्याची. लग्नाआधी वडिलांनी नागपूरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली. दम लागायला लागला की लगेच झुरका घ्यायचा, गुदमरेपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांनी समोर बसवून सांगितलं होतं. माहेरी, सौंसरला, मी सगळ्यांसमोर ओढायची. आई काडी पेटवून द्यायची. त्यात लाजण्यासारखं काही आहे, हे मला पांढुर्ण्याच्या या श्रीमंत घरात कळलं.

औषधाची सवय लागते, म्हणून औषध बंद. दमा एकाचा दुसऱ्याला लागतो, म्हणून माझा पेला वेगळा. दही बंद, केळं बंद. बाहेरची बाधा असेल म्हणून जामसांवळीच्या मारुतीला नेलं. मारुतीशी माझं भांडण नाही, त्यानं माझी डबी फेकली नव्हती. नवरा चांगला होता. चांगला म्हणजे गप्प.

पुढे राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. सासऱ्यांना निमित्तच मिळालं. "नागपूर आता आपलं राह्यलं नाही. तिथचा डॉक्टर कायले पाह्यजे?" नागपूरची गाडी तर तशीच जात होती. भाऊ गुपचूप डबी आणून द्यायचा आणि मी गोठ्यामागे जाऊन ओढायची, चोरासारखी.

एकदा चुलीपुढे धाकट्या नणंदेच्या छातीतून तीच शिट्टी ऐकली. मला ती ओळखू येणार नाही तर कोणाला? म्हटलं, "बाई, तुलेही दमा आहे. माझ्यातली एक घे."

"नको वयनी. तुमचं काय केलं, पाह्यलं ना मी."

तिला पाहायला स्थळं येत होती. सगळ्यांना सांगायची, चुलीच्या धुरानं खोकला येते. हसून सांगायची. मला तिचं ते हसू अजून सोसत नाही.

कापसाचा मोसम होता. अंगणात गाड्या उतरत होत्या, घरभर धूळ. सकाळीच ती चुलीपुढे कोसळली. ओठ काळेनिळे. सासूबाई छातीला तेल चोळू लागल्या. मी सिगारेट पेटवून तिच्या तोंडाशी धरली. सासूबाईंनी माझा हात झटकला. "बैठकीत लोकं बसले आहेत. पोरीचं लगन व्हायचं आहे."

मी पुन्हा हात पुढे केला. या वेळी तिनंच तोंड फिरवलं.

मी नवऱ्याला म्हटलं, दवाखान्यात न्या, तिथे इंजेक्शन देतात. त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "एकदा सुई टोचली की जलमभर टोचा लागते." दुपारी ती गेली. त्या झुरक्यानं वाचली असती का, मला माहीत नाही. दवाखाना मात्र आमच्याच रस्त्यावर होता.

तेरवीला बैठक भरली होती. नशिबात होतं, देवानं नेलं, असं चाललं होतं. आत मला दम लागला. सवयीनं गोठ्याकडे निघाले आणि उंबऱ्यात थांबले. तशीच मागे वळले. डोक्यावर पदर घेऊन बैठकीत गेले, सासऱ्यांसमोर बसले आणि काडी ओढली.

"आत जा," ते म्हणाले.

"नाही जात."

कोणी हसलं नाही. मी सिगारेट शेवटपर्यंत ओढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं नव्हतं, तिच्यासाठी होतं.

आता माझ्या मुलीच्या छातीत शिट्टी आहे. तिचं औषध बैठकीतल्या कोनाड्यात असतं, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दिसेल असं. ते पाहून कोणाला स्थळ मोडायचं असेल तर खुशाल मोडावं. माझी मुलगी गोठ्यामागे जाऊन श्वास घेणार नाही.