संपर्क झाला नाही

जिन्याखालच्या त्या खोलीत पूर्वी झाडू, बादल्या आणि फिनेलचे डबे ठेवत. मग वरून आदेश आला, की धंदेशिक्षण देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयानं आपल्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागतात की नाही हे मोजावं. मोजायला माणूस हवा, माणसाला खुर्ची हवी, खुर्चीला जागा हवी. तेव्हा बादल्या बाहेर आल्या आणि बाई आत गेल्या. दारावर ‘पाठपुरावा कक्ष’ अशी पाटी लागली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. फिनेलचा वास काही गेला नाही, पण बाईंना तो येईनासा झाला होता.

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. विद्यार्थी अभ्यासक्रम संपवून बाहेर पडला की सहा महिन्यांनी त्याला फोन करायचा आणि विचारायचं, ‘आपण सध्या नोकरीत आहात का?’ हो म्हणाला तर पहिल्या रकान्यात खूण, नाही म्हणाला तर दुसऱ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा फोन करूनही उचलला नाही, तर तिसऱ्या रकान्यात लिहायचं, ‘संपर्क झाला नाही’. हा तिसरा रकाना बेरजेच्या वेळी गुपचूप दुसऱ्यात मिळवला जाई. त्यामागे कुणा विद्वानानं मोठा विचार केला होता. ज्याला नोकरी आहे तो ताठ मानेनं फोन उचलेल. उचलत नाही त्याअर्थी तोंड लपवतोय. हे नियमावलीत छापलेलं होतं, आणि छापलेल्या गोष्टीवर शंका घेणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

फोन करायची वेळही नियमावलीत होती, नियम सात. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, महाविद्यालयाच्याच फोनवरून. पाच वाजले की कार्यालयाचे अधीक्षक बाहेर जाणारी लाइन बंद करून किल्ली खिशात टाकत. कुणीतरी एकदा त्या फोनवरून परदेशातल्या मावसभावाशी अर्धा तास गप्पा मारल्या होत्या म्हणे. मारणारा कधीच निवृत्त होऊन गेला, किल्ली मात्र अजून खिशात जात होती.

बाई नाकासमोर चालणाऱ्या. अकरा वर्षांत त्यांनी एक फोन चुकवला नाही, दोनावर भागवलं नाही. फोन वाजायचा, वाजत राहायचा, बंद व्हायचा. बाई तारीख आणि वेळ टिपून ठेवायच्या. अक्षर असं सुरेख, की प्राचार्य पाहुण्यांना त्यांचे तक्ते मुद्दाम दाखवत. तक्त्यात काय लिहिलंय हे पाहुणेही वाचत नसत आणि प्राचार्यही.

या वर्षी पाळी आली कवळी विभागाची. दवाखान्यांना कृत्रिम दात, कवळ्या, दातांवरच्या टोप्या बनवून देणारे कारागीर इथे तयार होत. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक लांबट खोली, तिच्यात प्लास्टरचे साचे, मेणाच्या वड्या, घासायची यंत्रं, आणि कपाटात ओळीनं मांडलेली, कुणाचीच नसलेली हसू. तिथे एकोणीस वर्षं कवळीमास्तर शिकवत होते. मास्तर बोलायला तुटक. मुलानं चांगलं काम केलं तर म्हणत, “चालेल.” फारच चांगलं केलं तर काहीच म्हणत नसत.

नियम असा, की शेकडा साठ जणांना नोकरी लागली नाही तर विभाग बंद. कवळी विभागातून चोवीस जण बाहेर पडले होते. बाईंच्या तक्त्यात नोकरीवाले सात, बेकार चार, आणि संपर्क न झालेले तेरा. म्हणजे शेकडा एकोणतीस. पुढच्या गुरुवारी समिती येणार होती, आणि त्या लांबट खोलीत काचेच्या भिंतीचं ‘भविष्यवेधी केंद्र’ काढायचं प्राचार्यांनी आधीच मनात घेतलं होतं. त्या केंद्रात काय शिकवणार हे ठरायचं होतं, पण काचेचं माप घेऊन झालं होतं.

सोमवारी दुपारी कवळीमास्तर बाईंच्या खोलीत आले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून दारातच उभे राहिले.

“बाई, एक विचारू?”

“विचारा ना.”

“माझी मुलं येतात भेटायला. कामाला लागलो, मास्तर, म्हणतात. हातावर मेणाचे चटके असतात, मला दिसतात. आणि तुमचा कागद म्हणतो, बेकार आहेत.” ते थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. “म्हणजे मुलं खोटं बोलतात माझ्याशी?”

बाई म्हणाल्या, “कागदावर आहे ते असं आहे बघा.” याहून निरुपयोगी वाक्य त्यांना आठवलं नाही. मास्तरांनी मान हलवली आणि ते गेले. छापील कागदावर विश्वास ठेवणाऱ्या बाई एकट्याच नव्हत्या.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी बाईंनी तोवर कुणाला सांगितली नव्हती. त्या तेरा जणांत, तक्त्याच्या चौदा नंबरच्या ओळीवर जे नाव होतं, ते त्यांच्या सुनेचं होतं. सुनेनं लग्नानंतर कवळीमास्तरांकडेच शिक्षण घेतलं आणि पाच महिन्यांपूर्वी ती एका दंतलॅबमध्ये लागली. रोज सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायची. तो डबा बाईच भरून द्यायच्या. मग दहा वाजता आपल्या खोलीत येऊन बसायच्या, आणि यादीत तिची पाळी आली तेव्हा तीन वेगवेगळ्या दिवशी, अकराच्या सुमारास, त्यांनी तिला फोन केला. घासायच्या यंत्रापाशी प्लास्टरची धूळ उडते म्हणून लॅबमधली सगळी माणसं फोन कपाटात ठेवतात. फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला. बाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं, ‘संपर्क झाला नाही’. घरी गेल्या आणि संपर्क न झालेल्या सुनेच्या शेजारी बसून जेवल्या.

हे वाचून कुणी हसेल. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. घरचं घरी आणि ऑफिसचं ऑफिसात, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. इतकं पाळलेलं तत्त्व, की त्याखाली कोण सापडतंय हे बघायचीसुद्धा गरज पडली नव्हती.

पण त्या सोमवारी मास्तरांचा प्रश्न त्यांच्या मागोमाग घरी आला. संध्याकाळी सून आली, हात धुऊन जेवायला बसली. नखांत प्लास्टर तसंच. बाईंनी तिला तक्त्याचं सगळं सांगून टाकलं.

सून आधी हसली. “ते मिस्ड कॉल तुमचे होते होय? मला वाटलं, कुणी विमा विकतंय.”

“नियमच आहे तसा. तीनदा करायचा.”

“मग आत्ता लिहा की, सून नोकरीत आहे म्हणून.”

“घरी विचारलेलं चालत नाही गं. ऑफिसच्या फोनवरून, ऑफिसच्या वेळेत विचारावं लागतं.”

सुनेचं हसू तिथेच थांबलं. “आई, दहा ते पाच मी लॅबमध्ये असते. नोकरी असलेला माणूस दहा ते पाच नोकरीवरच असणार ना? मग तुमचा फोन घरी बसलेल्यांनाच लागणार.”

बाईंचा घास हातातच राहिला. गोष्ट इतकी सरळ होती की लहान मुलालाही कळावी. अकरा वर्षं त्या रोज हेच करत होत्या आणि त्यांना एकदाही कळली नव्हती. की कळली होती आणि मूग गिळून बसल्या होत्या, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सात वाजता त्यांनी स्वतःच्या फोनवरून उरलेल्या बारा जणांना फोन लावले. एक फोन कायमचा बंद होता. अकरांनी उचलला. अकराही जण कामाला होते. एकानं तर स्वतःची लॅब टाकली होती. पाठीमागे यंत्राचा आवाज चालू होता, आणि तो ओरडून विचारत होता, “कुठून बोलताय? कॉलेजमधून? मास्तरांना सांगा, त्यांचा तो जुना साचा अजून माझ्याकडेच आहे, आणून देतो म्हणावं.” सून धरून बारा झाले, आणि आधीचे सात. चोवीसात एकोणीस, म्हणजे शेकडा एकोणऐंशी.

गुरुवारी सकाळी बाई प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला. “हे तुम्ही घरून विचारलंत? संध्याकाळी? बाई, उद्या कुणी म्हणेल आकडे घरात बसून बनवले. नियमात न बसणारा आकडा खरा असला तरी काय कामाचा? जुनाच ठेवा पुढे.”

बाई ‘बरं’ म्हणाल्या. वरचा माणूस बोलला की त्यांच्या तोंडून ‘बरं’ आपोआप पडायचं. दुपारी त्या समितीपुढे जाऊन बसल्या तेव्हा हातात जुनाच तक्ता होता.

समितीचे अध्यक्ष म्हणजे मवाळ, दमलेले गृहस्थ. एका दिवसात तीन महाविद्यालयं उरकायची होती. कवळीमास्तर भिंतीकडेच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले होते. प्राचार्यांनी काचेच्या भिंतीचा नकाशा पसरला. अध्यक्ष म्हणाले, “शेकडा एकोणतीस. मग बोलण्यासारखं काही उरत नाही. मास्तर, तुम्हाला काही सांगायचंय?”

मास्तर उठले. “मुलं बसून आहेत म्हणता, तर माझंच शिकवणं कुठे तरी कमी पडलं असेल,” एवढंच म्हणाले आणि बसले.

हे वाक्य बाईंनी पूर्वी ऐकलं होतं. चार वर्षांपूर्वी गादीकाम विभाग बंद झाला, तेव्हा सोफे-खुर्च्या शिवायला शिकवणारे गादीमास्तर शेवटच्या दिवशी त्यांच्या खोलीत आले होते. तक्ता मागून घेतला, बोट फिरवत सगळी नावं वाचली, आणि अगदी असंच काहीतरी बोलून निघून गेले. तेव्हा बाईंना त्यांची दया आली होती. आज स्वतःची लाज वाटली.

“चौदा नंबर माझी सून आहे,” बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. प्राचार्य जरा जास्तच.

“ती नोकरीला आहे. आज सकाळी आठला गेली, डबा मीच दिला.”

अध्यक्षांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “इथे तर लिहिलंय, संपर्क झाला नाही.”

“नाही झाला. ती कामावर होती.”

“अहो, पण तुमच्याच घरात...”

“घरातलं चालत नाही साहेब. नियम सात.” मग एकदाचं तोंड उघडलंच होतं, तर बाईंनी सगळं सांगितलं. दहा ते पाच, अधीक्षकांची किल्ली, संध्याकाळचे फोन, एकोणीस नावं. अध्यक्षांची मरगळ उतरली. त्यांनी नियमावली मागवली, नियम सात दोनदा वाचला आणि विचारलं, “हे असं किती वर्षं चाललंय?”

“अकरा.”

“आणि या आकड्यांवर विभाग बंद झालेत?”

“तीन. घड्याळदुरुस्ती, पुस्तकबांधणी आणि गादीकाम.”

नियम सात लिहिणारा विद्वान तिथे नव्हता, तो बढती मिळून वर गेला होता.

समितीनं न्याय केला. कवळी विभाग वाचला. भविष्यवेधी केंद्राची काच गोदामात गेली. नियम सातमध्ये दुरुस्ती झाली, की यापुढे चौथा फोन संध्याकाळी सहानंतर करावा, आणि तो कर्मचाऱ्यानं स्वेच्छेनं, स्वतःच्या फोनवरून करावा. राहता राहिलं खापर. ते फुटायला डोकं लागतं, आणि जिन्याखाली एक होतंच. ‘अकरा वर्षांतील सदोष नोंदींबाबत संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात येत आहे,’ असं पत्र बाईंना मिळालं. प्राचार्यांनी ते स्वतः आणून दिलं आणि म्हणाले, “मनावर घेऊ नका, रीतसर द्यावंच लागतं.” बाईंनी पोचपावतीवर सुरेख अक्षरात सही केली.

कवळीमास्तर दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ काही म्हणाले नाहीत.

बाईंनी पत्र मनावर घेतलं नाही असं नाही. घेतलं. त्यांना वाटलं, यात एकच गोष्ट चूक आहे, समज फार उशिरा दिली. संध्याकाळी निघताना त्यांनी कपाटातून चार वर्षांपूर्वीची गादीकामाची यादी काढली आणि पिशवीत घातली. घरचं घरी आणि ऑफिसचं ऑफिसात, हे तत्त्व त्या दिवशी पुरतं मोडलं, आणि मोडताना काही जड गेलं नाही.

सात वाजता यादीतल्या पहिल्या नंबरवर त्यांनी फोन लावला. दुसऱ्याच घंटेला उचलला. पाठीमागे शिलाई मशीन चालू होतं.

“मी कॉलेजमधून बोलतेय. तुम्ही आमच्याकडे गादीकाम शिकलात ना? सध्या काय करता?”

“तेच की. दुकान आहे माझं. आमच्याच वर्गातली चौघं आहेत माझ्याकडे, तेव्हापासून.” गडी खुशीत होता. “मास्तर कसे आहेत आमचे? अजून खडू फेकून मारतात का?”

“मास्तर घरी असतात. चार वर्षांपूर्वी गादीकाम बंद केलं.”

“बंद? का हो?”

“त्यांच्या मुलांना कामं मिळत नाहीत म्हणून.”

पलीकडे मशीन थांबलं. “कोण म्हणालं असं?”

“मी लिहिलं होतं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला तेव्हा तीनदा फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत.”

“दिवसा केला असेल. मग मी कामावर असणार ना, ताई.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेच विचारायला केला होता.”