दाखवण्याचा कार्यक्रम, जमिनीखाली

आमच्या शहरात मेट्रो जमिनीखालून जात नाही. सगळी खांबांवरून जाते, अगदी विधानसभेसमोरूनसुद्धा. आत आमदार भांडत असतात आणि आम्ही डब्याच्या काचेतून त्यांच्या बागेतली झाडं बघत पुढे सरकतो. रस्त्यात उभं राहून मान वर केली की कोणालाही दिसेल अशी ही गोष्ट आहे. पण पुण्याच्या एका कुटुंबाला ती पटली नाही, आणि मला बघण्याचा कार्यक्रम एका सेलरमध्ये झाला. सेलर म्हणजे इमारतीच्या पोटातली पार्किंगची जागा. हैदराबादेत तिला तळघर कोणी म्हणत नाही.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि विधानसभेच्या जवळच एका सरकारी कचेरीत नोकरीला होते. आजोबा उदगीरकडची शेती सोडून इथे आले, वडील नारायणगुड्याच्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि राज्य सरकारची परीक्षा पास झालेली घराण्यातली पहिली म्हणजे मी. वडिलांनी माझं ओळखपत्र दूधवाल्यालासुद्धा दाखवलं होतं. अडचण एवढीच, की स्थळं सगळी महाराष्ट्रातून यायची आणि प्रत्येकजण धरून चालायचा की लग्न ठरलं म्हणजे मी नोकरी सोडणार. तेलंगणाची नोकरी, बदली फार तर वरंगलला होईल, पुण्याला कशी होणार? आधीची स्थळं याच मुद्द्यावर फिसकटली होती. एका बाईंनी शिवाय माझ्या मराठीलाही नाव ठेवलं होतं, कारण मी 'हो'च्या जागी 'हौ' म्हणाले.

मला लग्न नको होतं असं नाही. लग्न हवं होतं आणि नोकरीही हवी होती. पण या दोन गोष्टी एकदम मागितल्या की लोक असे बघायचे, जणू मी दोन नवरे मागितलेत.

पुण्याचं स्थळ आलं तेव्हा आईनं बजावलं, "या वेळी नोकरीचं तू काढायचं नाहीस. त्यांनी काढलं तरी मान खाली घाल." मी मान डोलावली आणि मनाशी ठरवलं, चहाच्या आधीच सांगून टाकायचं.

ती मंडळी तारनाक्याला कुणाच्या तरी लग्नाला एका दिवसापुरती आली होती. संध्याकाळी नामपल्लीहून त्यांची परतीची गाडी. इकडे अधिवेशन चालू असल्यामुळे आमच्या रजा बंद होत्या, कारण कुठल्या आमदाराला कुठली माहिती कधी आठवेल याचा नेम नसतो. मग वडिलांनी तोडगा काढला. माझ्या जेवणाच्या सुट्टीत कचेरीजवळच्या मेट्रो स्टेशनात सगळ्यांनी भेटायचं. जागा स्वच्छ, बसायला बाकं, आणि घराच्या भिंतींना रंग नाही हे कोणाला कळायला नको.

आई पोह्यांचा डबा घेऊन आली. तपासणीच्या यंत्रातून डबा बाहेर पडला तसा गार्ड अदबीनं म्हणाला, "अम्मा, अंदर खाना मना है."

"हम नई खाते," आई म्हणाली. "पावणे खाते."

त्यानं डबा जाऊ दिला, पण झाकण उघडायचं नाही या अटीवर. आम्ही बाकावर बसलो. पाहुण्यांचा पत्ता नाही, मुलाचा फोन लागेना. वडील सरकत्या जिन्यापर्यंत जायचे, खाली वाकून बघायचे आणि परत यायचे. "पुण्याची माणसं वेळेची पक्की असतात म्हणे," असं ते दर फेरीला म्हणत होते. माझी सुट्टी चालली होती. आई पुन्हा पुन्हा माझा पदर सारखा करत होती आणि मी तो पुन्हा पुन्हा मोकळा सोडत होते.

शेवटी फोन आला. "आम्ही स्टेशनात केव्हाचे आलोय," मुलगा म्हणाला. "इथे तिकिटाची खिडकी मात्र दिसत नाहीये."

झालं होतं असं, की ते रिक्षानं आले. रिक्षावाल्यानं वर बोट दाखवून सांगितलं, "मेट्रो ऊपर है साब." पण रिक्षावाल्याचं ऐकायचं नाही, असा मुलाच्या वडिलांचा जुना नेम. डोक्यावरून जातो तो उड्डाणपूल, असं त्यांनी ठरवलं. विधानसभेसमोर कोण कशाला खांब रोवू देईल, तेव्हा स्टेशन खालीच असणार. शेजारच्या इमारतीत एक रुंद उतार खाली जात होता, तिकडे ते सहकुटुंब उतरले. खाली फोनला रेंज नव्हती, आम्हाला फोन करायला मुलगा शेवटी अर्धा उतार चढून आला होता. वॉचमननं त्यांची दया येऊन प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. चूक कळायला त्यांना फार वेळ लागला नसेल, पण कबूल करायला लागला.

आम्ही खाली गेलो तेव्हा मुलाचे वडील दोन स्कूटरच्या मधे ऐसपैस बसले होते. "आमच्याकडे कोर्टापाशी स्टेशन असंच खोल आहे," ते म्हणाले. "सरकारी भागात तसंच करतात. इथलं काम अजून पुरं झालेलं दिसत नाही."

"होईल हळूहळू," वडील म्हणाले. मुलीच्या बापानं काय काय मान्य करायचं असतं, याची मला त्या दिवशी कल्पना आली.

मुलाच्या आईचे गुडघे दुखत होते, त्यांना पुन्हा वर चढायला कसं सांगणार? तिथेच बैठक मांडली. पोह्यांचं झाकण एकदाचं उघडलं, कारण इथे मना करायला कोणी नव्हतं. मधेच एकाला स्कूटर काढायची होती, तेव्हा आम्ही सगळे बशा हातात धरून उठलो आणि तो गेल्यावर पुन्हा बसलो. मुलाला हसू आवरत नव्हतं. त्यानं विचारलं, "तुमचं ऑफिस जवळच आहे का?"

"हौ," मी म्हणाले. तो पुन्हा हसला, पण नाव ठेवायला नाही. मला तो आवडला. हे सांगून टाकलेलं बरं.

मी आता नोकरीचं काढणार तेवढ्यात त्याच्या वडिलांनीच काढलं. "राजीनामा दिल्यावर तुमच्याकडे सोडायला किती वेळ लावतात?"

मी तोंड उघडलं, पण आमचे वडील आधी बोलले. "देईल की राजीनामा. नोकरीचं काय एवढं, पावणे? शेवटी मुलीला घर महत्त्वाचं."

मी मुलाकडे पाहिलं. तो बशीतला एकेक शेंगदाणा वेचून खात होता. त्याच्या वडिलांचा मला राग आला नाही, ते जे बोलायला आले होते ते बोलले. माझ्या वडिलांनी मात्र मला फार दुखावलं. ज्या माणसानं दूधवाल्याला थांबवून माझं ओळखपत्र दाखवलं, त्याच माणसानं ती नोकरी, वापरलेला कागद टाकावा तशी, दोन स्कूटरच्या मधे टाकून दिली. ठरवलेलं वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"ती राजीनामा देणार नाही," आई म्हणाली.

वडिलांना वाटलं, ती चुकून बोलली. "अगं, आपलं ठरलंय ना?"

"तुमचं ठरलं असेल. ती पहाटे उठून अभ्यास करायची तेव्हा तुम्ही झोपलेले असायचा. मी जागी असायचे. नोकरीचं 'काय एवढं', ते मला ठाऊक आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा. सुट्टी संपली तुझी. इथलं मी बघते."

मान खाली घाल म्हणणारी हीच बाई. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि उतार चढून रस्त्यावर आले. वर मेट्रो निघाली होती. मला इतकं रडू येत होतं की समोरचं कचेरीचं गेटसुद्धा नीट दिसेना.

शेजारच्या टेबलावरच्या आपांनी, म्हणजे सगळ्या कचेरीच्या थोरल्या ताईंनी, माझे डोळे पाहिले. त्या निवृत्तीला आल्या होत्या, आणि माझी झाडून सगळी स्थळं त्यांना पाठ होती. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "जाने दे बेटा. उनों नक्को बोले तो दूसरे आतें."

"उनों नक्को नई बोले, आपा."

"फिर? तू बोली?"

"नई. मेरी आई बोली."

आपांना तीन मुली. तिघींची शिक्षणं अर्ध्यावर थांबवून त्यांनी लग्नं लावून दिली होती.

"माँवाँ ऐसा भी बोल सकतें क्या?" त्यांनी हळूच विचारलं.