मावशीच्या वाटची फळी

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या माघात, त्या दोघांच्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या पहिल्याच सकाळी, लाटेवर उभं राहायच्या फळ्या वाटल्या जात असताना झाला. करणारे तिचे यजमान, म्हणजे आमचे मावसाजी. बायकोच्या तोंडचं उत्तर स्वतः देण्यात त्यांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नाही. डॉक्टर मावशीला "कुठे दुखतं?" विचारतात, तर हे स्वतःची कंबर दाखवतात. लग्नात वाढपी तिच्या पानाशी वाकला की पलीकडच्या पंगतीतून आवाज येतो, "तिले नको, ती गोड खात नाई!" मावशी गोड खाते. चोरून खाते.

मावसाजींचं बोरगाव मेघेला नळ-पाइपांचं दुकान आहे. उभा जन्म पाण्याच्या धंद्यात गेला, पण अंगाला बादलीबाहेरचं पाणी कधी लागलं नाही. मोबाइलवर कुण्या जोडप्याला दक्षिणेकडच्या एका निवांत, नारळीच्या गावात लाटांवर डोलताना पाहिलं आणि हे पेटले. तयारी दुकानातच. खाली जाड पाइपाचा तुकडा, त्यावर प्लायवूडची फळी, त्यावर मावसाजी. गिऱ्हाईक वॉशर मागतंय आणि हे दोन्ही हात पसरून म्हणताहेत, "थांब ना बावा, लाट येऊन राह्यली!" लाट काही आली नाही. फळी निसटली आणि मावसाजी कमोडच्या खोक्यांवर जाऊन बसले. बुडी मारायचा अभ्यास विक्रीच्या टाकीत मुंडकं घालून. श्वासासाठी अर्ध्या इंची पाइपाला एल्बोचा वाकडा जोड लावून नळीही घरीच बनवली आणि गाडीत मांडीवर धरून नेली, तान्हं मूल न्यावं तशी. मावशीची तयारी काय, तर वाटेसाठी तिळाचे लाडू.

परतल्यावर त्यांनी टीव्हीवर सगळं चित्रीकरण दाखवलं. आम्हाला बसवून, पंखा बंद करून. शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिनं रेतीत दोन फळ्या मांडल्या आणि मावशीला विचारलं, "मॅडम, पहले आप?" मावशीनं पदर खोचला. टीव्हीवर स्पष्ट दिसतं, खोचला. तेवढ्यात मावसाजी पुढे, "मॅडम को पानी का डर है. उनका नंबर भी मैं ही मारता हूँ." आणि मारला! स्वतःच्या वाटची फळी तोंडावर आपटून घेतली, मावशीच्या वाटची पाठीवर. दुसऱ्या दिवशी नावेतून बुडी. दोघांची जागा ठरलेली, गेले एकटे, आणि एक मासा टक लावून बघतो म्हणून लगेच वर आले. मावशी किनाऱ्यावर चपला राखत बसलेली.

"मावशी, तू काऊन नाई गेली?" मी विचारलं.

"तिले भेव लागते पान्याचं," मावसाजी.

"मी मावशीले इचारलं."

मावशी लाडवांचा रिकामा डबा पुसत होती. म्हणाली, "माहेरी, नाचणगावच्या विहिरीत काठावरून उडी मारत होती मी. तळाची माती आणून दाखवत होती पोरींले."

मावसाजींनी टीव्ही बंद केला. "कवा सांगतलं नाई वं तू?"

"इचारलं कवा? लग्नानंतर एक डाव म्हटलं, पोहून येते. सासूबाई म्हणे, सून विहिरीकडं दिसली त गाव दोर घिऊन धावते. मंग सोडून देलं."

मी पत्रकात लिहावी तशी वाक्यं तोंडात जुळवून बसले होते. नवरेशाही, हक्क, सगळं. पण मावसाजींकडे बघितलं आणि वाक्यं तोंडातच राहिली. माणूस वाईट नाही. रात्री-बेरात्री कुणाचा नळ फुटला तर पाना घेऊन धावतो. फक्त इतकी वर्षं एका ताटातलं खाऊन त्याला ठाऊक नव्हतं, की शेजारी पाणबुडी बसली आहे.

मग मावसाजींनी हळूच विचारलं, "थंड राह्यते का वं, विहिरीचं पानी?"

आणि थांबले. मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना थांबताना. मावशीनंही घाई केली नाही.

"वरून कोमट," ती म्हणाली. "खाली गेलं का थंड. लय थंड. आन् आवाज बंद होते सारा." मग गुडघ्यावर हात फिरवून, "आता काय, गुडघे आयकत नाई."

मावसाजींनी उठून पंखा लावला.

आता तुम्ही. हसून झालं असेल तर हे पान खाली ठेवा, उठा, आणि तुमच्या घरातल्या बाईला विचारा, तुला काय काय येतं? तिचे गुडघे शाबूत आहेत तोवर विचारा. आणि तिचं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नका.