भोकाचे बिल्ले

विजेच्या खात्यातले लाइनमन लाच घेतात असं लोक बोलतात. माझे बाबा घ्यायचे, हे मी नाकारणार नाही. फक्त ते पैसे घेत नसत, पितळेचे जुने बिल्ले घेत. कुरुंद्याकडची डीपी जळाली की खांबावर चढायच्या आधी ते खाली जमलेल्यांना विचारत, "कोनाच्या घरी लाकूडवाल्या गुत्तेदाराचा बिल्ला हाय का?" पिकाचं पाणी अडलेलं असायचं. लोक घरी पळत आणि उतरंडीतून, माळ्यावरून शोधून एखादा बिल्ला घेऊन येत. आई म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे माड्या बांधून राहिले, आन् आमचं मानूस भंगार गोळा करून राहिलं."

हे भंगार नेमकं काय, ते सांगते. निजामाच्या काळात औंढ्याकडच्या जंगलात एका गुत्तेदाराने साग तोडायचं काम घेतलं होतं. तोडणाऱ्या मजुरांना तो नगद देत नसे. आठवड्याला बिल्ले देई आणि ते बिल्ले फक्त त्याच्याच दुकानात चालत. गोल बिल्ल्यावर ज्वारी मिळे, चौकोनीवर मीठ, मिरची आणि तेल. काम त्याचं, दुकान त्याचं आणि मापही त्याचंच. मेल्याचं डोकं चांगलं चालायचं. माझे आजोबा त्याच्याकडे कुऱ्हाड चालवायचे. बाबांना बिल्ल्यांचं वेड लागलं ते यामुळेच असणार, पण तसं ते कधी बोलले नाहीत. "हा इतिहास हाय," एवढंच म्हणत. आमच्या घरात इतिहास पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीत, जुन्या चपलांच्या शेजारी राहत होता.

नव्वदच्या दशकात मी शाळेत होते. बाजाराच्या दिवशी बाबा मला सायकलवर घालून जवळा बाजारला न्यायचे आणि भांड्यांच्या दुकानांतून, मोडवाल्यांकडून बिल्ले धुंडाळायचे. बिल्ला ओळखायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी तो फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. मग कडेवरून नख फिरवायचं. शेवटी भिंगातून कुऱ्हाडीची खूण बघायची, कारण खऱ्या बिल्ल्यावर कुऱ्हाडीचा दांडा डावीकडे झुकलेला असे. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे करत की भोवती माणसं जमायची. मग व्हायचं तेच झालं. एका भांडेवाल्याने जुन्या भांड्यांच्या पितळेतून बिल्ले पाडून बाबांना विकले. बाबा घरी येईपर्यंत शीळ घालत होते. घरी भिंग लावलं, तर एकाच्या मागच्या बाजूला 'सप्रेम भे' एवढी अक्षरं शिल्लक होती. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

याच आईने एकदा चांगुलपणा म्हणून पेटीतले चार बिल्ले चिंच लावून लख्ख घासले होते. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. जुना काळा थर गेला की बिल्ल्याची किंमत गेली, हे त्यांनी आम्हाला इतकं ऐकवलं की मी बरेच दिवस साध्या तांब्यालाही हात लावायला भीत होते.

घासलेल्या बिल्ल्यापेक्षा त्यांना भोकाच्या बिल्ल्याचा जास्त राग होता. पुष्कळ बिल्ल्यांना कडेजवळ खिळ्याने पाडलेलं वेडंवाकडं भोक असे. "कोन्या येड्यानं खिळा ठोकला काय माहीत," म्हणत ते असला बिल्ला बिस्किटाच्या डब्यात फेकायचे. चांगले बिल्ले मात्र कापसात ठेवत.

आमच्या भागाचा नवीन जिल्हा झाल्यानंतरची गोष्ट. मी बाळंतपणाला माहेरी आले होते आणि मला मुलगी झाली होती. बाबांच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. इतकी वर्षं गल्लीने त्यांना 'बिल्लेवाला' म्हणून चिडवलं होतं. जाता जाता कुणा जाणत्या माणसाने आपली पेटी बघून चांगलं म्हणावं, अशी त्यांची फार इच्छा होती. म्हणून त्यांनी नांदेडहून जुन्या नाण्यांचा एक व्यापारी बोलावला. मला मनातून वाईट वाटत होतं, कारण तो हसून निघून जाईल याची मला खात्री होती.

त्याच दिवशी आत्या बाळाला बघायला आली. आत्या बाबांहून सहा-सात वर्षांनी मोठी, आणि आल्या आल्या चुका काढणं हा तिचा हक्क. तिने दुपटं उघडलं आणि म्हणाली, "तीट न्हाई, करदोडा न्हाई. लेकरू हाय का पार्सल?"

"आमच्या घरात नजर-बिजर मानत न्हाईत," बाबा म्हणाले.

"तुमी मानू नका. पर कंबर उघडी काहून ठेवली?"

तेवढ्यात व्यापारी आला आणि भांडण थांबलं. तो हसला नाही. एकेक बिल्ला उचलून त्याने नीट पाहिला आणि म्हणाला, "असा संग्रह मी दुसरीकडे पाहिला नाही." बाबांचे कान लाल झाले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच बाळाला उचललं. व्यापाऱ्याने किंमतही बरी सांगितली. मग बिस्किटाचा डबा उघडून पाहिला आणि झाकण लावलं. "हे भोकाचे कुणी घेत नाही. पितळेच्या भावात नेतो."

"न्या," बाबा म्हणाले.

आत्याने मधेच हात घालून डबा ओढला. "हे कुठून आनले रे तू? हे तर लेकरांचे हायेत."

कुणालाच काही कळेना. मग आत्याने सांगितलं. लेकरू जन्मलं की करदोड्यात भोकाचा पैसा बांधायची रीत, पण पैसा कुणी बघितलाय? म्हणून बाप एक बिल्ला दुकानात देत नसे. खिळ्याने भोक पाडून तो लेकराच्या कमरेला बांधायचा. भोक पडलेला बिल्ला गुत्तेदाराचं दुकान घेत नसे, म्हणजे ती ज्वारी गेली ती गेलीच.

"तुज्या वक्ताला बापानं गोल बिल्ला घेतला," ती बाबांना म्हणाली. "आठवडाभर घरात ज्वारी न्हाई. आमी अंबाडीचा पाला उकडून खाल्ला. मला लई राग आल्ता तुजा. अजून बी हाय थोडा."

बाबा डब्यातले बिल्ले उलटेपालटे करून बघू लागले. मग म्हणाले, "माजा कोनता?"

"मला काय ठावं? समदे सारखेच."

बाबांनी डबा मांडीवर घेतला. व्यापाऱ्याने पुन्हा समजावलं, "साहेब, भोकाच्या बिल्ल्याला किंमत नसते."

"व्हय," बाबा म्हणाले. "भोक पाडलं तवाच ती देऊन झाली. तुमी कापसातले समदे न्या. ते गुत्तेदाराचे हायेत. हे आमचे हायेत."

व्यापारी पैसे देऊन, पेटी घेऊन गेला. बाबांनी डब्यातला एक गोल बिल्ला निवडला, भोकाची धारदार कड कानशीने घासली आणि आईला हाक मारली. "चिंच आन."

"घासला की किंमत जाती म्हनं ना?" आई म्हणाली.

"आन म्हनलं ना."

न्हाणीजवळ बसून त्यांनी तो स्वतः घासला. आईने काळा दोरा दिला. बाबा माझ्या लेकीच्या कमरेला तो बांधत होते आणि पुटपुटत होते, "नजर-बिजर काही नसती." गाठ त्यांनी जरा जास्तच आवळली.

आत्या वाकून बघत होती. "ढिली बांध रे," ती म्हणाली. "हिचं पोट भरल्यालं राहनार हाय."