अकराव्या चंद्रावरची त्रेसष्ट माणसं

मालिका बंद झाल्याचं हर्षलनं फोनवर सांगितलं, तेव्हा नेत्रा एका आजोबांच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज टाइप करत होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरत ती ‘बरं’ म्हणाली, ‘कधीपासून?’ म्हणाली, आणि ‘विषय’ लिहिलेल्या ओळीखाली रेघ मारून घेतली. तिकडे मुंबईत हर्षल चक्क रडत होता. चांगला पस्तिशीचा घोडा, मालिकेचा सहदिग्दर्शक, पण आवाज पार बसलेला.

“ताई, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?”

नेत्रानं प्रामाणिकपणे आत चाचपून बघितलं. काही नव्हतं. “म्हणजे पुढच्या आठवड्यापासून लिहायचं नाही ना?” एवढंच तिनं विचारलं आणि आजोबांना आधार कार्डाची झेरॉक्स मागितली.

आता कुणी म्हणेल, बाई दगडाची आहे. म्हणोत बापडे! म्हणणाऱ्यांनी जव्हारला तहसील कचेरीसमोरच्या त्या पत्र्याच्या खोलीत बावीस वर्षं बसून दाखवावं. ‘टायपिंग, झेरॉक्स, अर्ज लिहून मिळतील’ अशी पाटी. समोरच्या स्टुलावर रोज कुणीतरी रडणार. कुणाचं घर पावसानं पडलेलं, कुणाचं रेशन बंद झालेलं, कुणाची पोरगी वीटभट्टीवरून आलेलीच नाही. पहिल्या वर्षी नेत्राही त्यांच्याबरोबर रडायची. मग अर्ज अर्धाच राहायचा, कचेरी बंद व्हायची आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जीप धरून यावं लागायचं. तेव्हापासून तिनं शिस्त लावून घेतली. आधी नाव, वय, गाव. रडायचं ते नंतर, आणि नंतर म्हणजे पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत. असं करता करता रडूच यायचं थांबलं, ते कधी थांबलं तिलाही कळलं नाही.

मालिका सुरू झाली तीही अशाच एका अर्जातून. चार वर्षांपूर्वी साखरशेतची रंगू आली होती. तिचा मुलगा काळ्या, एकोणीस वर्षांचा, दिवाळीनंतर मुकादमाबरोबर ठाण्याकडं इमारतीच्या कामावर गेला. शिमग्याला बाकीचे परतले, तो परतला नाही. फोन बंद, मुकादमाचाही बंद. नेत्रानं टाइप केलं, ‘सदर इसम आजतागायत घरी परतलेला नाही’, तीन प्रती काढल्या, शिक्का मारून आणला. पुढं काय झालं? काही नाही. रंगू दर महिन्याला यायची, विचारायची, जायची.

त्याच आठवड्यात नेत्रा दुकान बंद करायच्या आधी त्याच कम्प्युटरवर भलतंच काहीतरी लिहायला लागली. लांबच्या एका ग्रहाला अकरा चंद्र. अकराव्या चंद्रावर दगड फोडायला पृथ्वीवरून डोंगरातली माणसं नेलेली, उचल देऊन. तिथंही मुकादम. तिथं दिवस किती तासांचा हे मुकादम ठरवणार, पंचांग त्याच्या हातात, त्यामुळं शिमगा काही उजाडतच नाही. हर्षल तिच्या शेजारच्यांचा मुलगा. त्यानं ते वाचलं, मुंबईला नेलं, आणि स्वस्तात काही मिळतंय का बघत बसलेल्या एका लहानशा वाहिनीनं घेतलं. नाव ठेवलं, ‘अकरावा चंद्र’. बंद पडलेल्या दगडखाणीत चित्रीकरण, यानाचं दार म्हणजे जुन्या ट्रकची फळी, आणि अंतराळातले टोप असे की घातले की नटाला ऐकूच यायचं नाही. शहरातले लोक हसले. काही कॉलेजची मुलं मात्र वेड्यासारखी बघायला लागली.

आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांनी तर ती मालिका डोक्यावर घेतली. एका टीव्हीसमोर अंगणभर माणसं. सावळी नावाची मजूर बाई मुकादमाला खडसावते त्या भागाला साखरशेतात शिट्ट्या पडल्या होत्या. पण कोण काय बघतं हे मोजायच्या वाहिन्यांच्या पेट्या असतात, त्यातली एकही या डोंगरात नव्हती. अंगणात साठ जण बसले काय आणि सहाशे बसले काय, वरती पोचायचं शून्य. एकशे चाळिसाव्या भागात त्रेसष्ट मजुरांनी यान ताब्यात घेतलं, चंद्र सोडला, निम्म्या वाटेत इंधन संपत आलं, आणि तिथंच मालिका बंद झाली. सोमवारी त्या वेळेला कुणीतरी बाई पनीर तळत होती.

शेवट नेत्रानं लिहिलेलाच नव्हता. आज लिहू, उद्या लिहू करत तिनं तो ढकलला होता. यान उडवणं तिला जमलं, पण ते गावात उतरवायचं म्हटलं की बोटं थांबायची. माणूस परत आल्याचा अर्ज तिनं जन्मात कधी लिहिला नव्हता. त्यामुळं मालिका बंद झाली तेव्हा, खोटं कशाला बोला, तिला थोडं सुटल्यासारखंच झालं होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच साखरशेतची आठ-दहा माणसं दुकानात शिरली. पुढं पंढरी, ज्याच्या अंगणात टीव्ही लागायचा तो. मागं रंगू, आणि पंढरीची सून शीला.

“अर्ज लिवायचा हाय, बाय,” पंढरी म्हणाला.

“कशाबद्दल?”

“त्या त्रेसष्ट जनांचा.”

नेत्राला वाटलं, थट्टा करतोय. तो करत नव्हता. “भट्टीवर मानूस अडकला तर आपन काय करतो?” तो म्हणाला. “यादी करतो, जीप करतो आन् मुकादमाच्या दारात जाऊन बसतो. हा मुकादम मुंबईचा, एवढाच फरक.”

“अहो पंढरीदादा, ती खोटी माणसं आहेत. मीच रचलीत ती.”

“ते ठावं हाय आमाला! आमी काय येडे हाव?” पंढरी चिडलाच. “खोटी असली म्हनून काय निम्म्या वाटेत सोडायची?”

नेत्रानं कोरं पान उघडलं. ‘विषय : अकराव्या चंद्रावरून निघालेल्या त्रेसष्ट मजुरांना घरी पोचविणेबाबत.’ मजकूर नेहमीचाच, महोदय, वरील विषयी विनंती की. तो लिहून झाल्यावर पंढरी म्हणाला, “आता यादी जोड.”

आणि इथं तिची गोची झाली. यादीशिवाय अर्ज नाही हा तिचाच नियम. नावं, वयं, गावं नसली तर साहेब कागद बाजूला सारतो, हे तिनं बावीस वर्षं एकेकाला बजावलेलं. पण त्रेसष्टांतल्या एकोणिसांनाच तिनं नावं दिली होती.

“बाकीचे चव्वेचाळीस?” शीलानं विचारलं.

“त्यांना नावं नाहीत. ते मागं उभे असतात फक्त.”

सगळे तिच्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे, नवलानं. “नाव नाय असा मानूस कसा असंल, बाय?” रंगू म्हणाली.

“मग तुम्हीच द्या.”

त्यांनी दिली. कुणाचा दीर, कुणाची जाऊ, कुणाचा भाऊ. सगळी कामावर गेलेल्यांची नावं. त्यातले बरेच परतलेले, काही न परतलेले. नेत्रा टाइप करत गेली. एकेचाळिसाव्या नंबरला रंगू पुढं सरकली.

“लिव. काळ्या लक्ष्या भोये. राहणार साखरशेत. वय तेवीस.”

गेला तेव्हा तो एकोणीसचा होता. मधली चार वर्षं रंगूनं मिळवून सांगितली होती. नेत्राची बोटं अडखळली नाहीत, अक्षरं सरळ उमटली. आपल्याला काही झालं नाही, याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा जरा वाईट वाटलं.

जीप मुंबईला गेली. नेत्रा गेली नाही, दुकान होतं. वाहिनीच्या इमारतीच्या पायऱ्यांवर चौदा माणसं भाकरीची फडकी घेऊन बसली. रखवालदार म्हणाला, इथं कुणी मजूर नाहीत. पंढरी म्हणाला, यादी घ्या आणि पोच द्या. पोच दिल्याशिवाय उठणार नाही म्हणून चार तास बसले. हर्षलनं त्याचं चित्रण केलं आणि किमयाला पाठवलं. ही किमया नाशिकची, कॉलेजात शिकणारी. मालिका परत आणा म्हणून तिनं आधीच सह्या गोळा करायचा सपाटा लावला होता. ते चित्रण तिनं पसरवलं, आणि मग जे काही झालं! पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात मुलांनी ती यादी छापली, एकेकानं एकेक नाव घेतलं, पुठ्ठ्यावर लिहून छातीशी धरलं. नेत्राच्या मोबाइलवर एक फोटो आला. नागपूरच्या कुठल्याशा चौकात एक चष्मेवाली मुलगी उभी होती. पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘मी काळ्या लक्ष्या भोये. मला घरी आणा.’

नेत्रानं तो फोटो बराच वेळ बघितला. मग कुणाच्यातरी सातबाऱ्याच्या दोन झेरॉक्स काढून दिल्या.

वाहिनी नमली. अख्खी मालिका नाही, पण एक तास, रविवारी दुपारी. चित्रीकरणाला दोन दिवस, नट एकोणीसच. नेत्रानं चार बैठकांत लिहून टाकलं. यान भाताच्या कापलेल्या शेतात उतरतं. सावळी दारात यादी घेऊन उभी राहते आणि नाव पुकारते. ज्याचं नाव तो ‘हाय’ म्हणून खाली उतरतो. चेहरे नसले तरी चालतील, पाय दाखवा, पण नावं त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

“ताई, त्याला सहा मिनिटं लागतील,” हर्षल म्हणाला.

“लागू देत.”

“मी भांडतो,” तो म्हणाला. आणि भांडला असणार, मुलगा तसा आहे.

रविवारी नेत्रा साखरशेतला गेली. पंढरीच्या अंगणात उन्हाची तिरीप पडू नये म्हणून वरून चादरी बांधल्या होत्या. दारात स्टुलावर टीव्ही. दाभोसा, जामसरकडूनही माणसं आली होती. रंगू सगळ्यांत पुढं बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. नेत्राला तिनं शेजारी बसवून घेतलं आणि तिचा हात धरून ठेवला.

यान उतरलं. भात कापलेलं शेत दिसलं तेव्हा अंगणातून एकच हुंकार निघाला. सावळीनं यादी उघडली. पहिलं नाव, ‘हाय’. दुसऱ्या नावापासून अंगणच ‘हाय’ म्हणायला लागलं. एकोणीस झाली, मग पाड्यातली नावं सुरू झाली आणि पोरं उड्या मारायला लागली. वीस, एकवीस, बावीस. मग बासरी वाजायला लागली, सावळीचा आवाज बुडाला, कॅमेरा वर वर गेला, शेत लहान झालं आणि केसांच्या तेलाची जाहिरात लागली.

थोडा वेळ सगळे जाहिरात बघत होते. त्यांना वाटलं, नंतर येईल. नंतर पनीरवाली बाई आली.

“बाकीचे?” पंढरीनं विचारलं.

कापले, हे नेत्राला कळलं होतं. हर्षलला फोन लावायला तिथं रेंजही नव्हती. रंगूनं अजून तिचा हात सोडला नव्हता. “एकेचाळीसावर हाय ना तो, बाय?” ती म्हणाली.

नेत्रा उठली. तिनं पिशवीतून अर्जाची स्वतःकडं ठेवलेली प्रत काढली आणि तेवीसपासून वाचायला सुरुवात केली. नाव, वय, गाव, कचेरीत वाचतात तसं सपाट. तेविसावा तिथंच बसला होता, तो लाजत उभा राहिला आणि ‘हाय’ म्हणाला. पोरांनी टाळ्या धरल्या. जे गावात नव्हते त्यांच्यासाठी घरचं कुणीतरी ‘हाय’ म्हणत होतं. जे परतलेच नव्हते त्यांच्यासाठीही म्हणत होतं. आजचा दिवस तसा होता, कुणी हटकत नव्हतं.

“एकेचाळीस. काळ्या लक्ष्या भोये, वय तेवीस, राहणार साखरशेत.”

सगळ्यांनी रंगूकडं बघितलं. नेत्रानं नाव पुन्हा वाचलं.

रंगूनं मान हलवली. “नाय आला,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “तेवढं खरं र्‍हाऊ दे, बाय. पुढचं नाव घे.”

नेत्रानं बेचाळीसवर बोट ठेवलं. ओळ तिनंच टाइप केलेली, पण तिला ती दिसेना. तिनं डोळे पुसले, पुन्हा बघितलं, आणि मग ती मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडायला लागली, सगळ्या पाड्यादेखत, बावीस वर्षांचं. तिला थांबताच येईना. रंगूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या हातातला कागद सोडवला आणि आपल्याला वाचता येत नाही म्हणून शीलाकडं दिला.

शीलानं बेचाळिसावं नाव वाचलं. मागून कुणीतरी ‘हाय’ म्हणालं.